खाणीच्या पैशात गावाचा वाटा, ही मागणी आली कुठून

आपल्या सोलापूर जिल्ह्यात निघतं ते मुख्यतः भीमा-सीनेची वाळू, मुरूम आणि खडी, म्हणजे सरकारी भाषेत गौण खनिज. ब्रासवर, म्हणजे दर शंभर घनफुटामागं, रॉयल्टी (खनिज उचलल्याबद्दल सरकारला द्यायचा मोबदला) ठरते, पावती फाटते, पैसा सरकारजमा. १९५७ च्या खाण कायद्यानं गौण खनिजाचे नियम करायचा अधिकार राज्याला दिला, पण ज्याच्या शिवारात खाण आहे त्याला काय, हे त्यात नव्हतंच.

हा विषय कोर्टात ठळकपणे आला तो आंध्रातून. १९९७ च्या समता खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आदिवासी भागातल्या खाणीच्या निव्वळ नफ्यातले किमान २० टक्के तिथल्याच पाणी, शाळा, दवाखान्यासाठी बाजूला काढा. मग २०११ चं खाण विधेयक आलं, त्यात कोळशाच्या नफ्यातले २६ टक्के आणि बाकी मोठ्या खनिजांवर रॉयल्टीइतकीच रक्कम स्थानिकांसाठी होती, पण ते पास न होताच २०१४ ला लोकसभेबरोबर संपलं. २०१५ च्या कायदादुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणीची झळ बसलेल्या भागासाठीचा जिल्ह्याचा निधी आला, त्यात खाणवाल्यानं भरायची वर्गणी जुन्या लीजवर (खाणपट्ट्यावर) रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्या नव्या लीजवर १०. म्हणजे नफ्यातला वाटा गेला आणि रॉयल्टीवरचा टक्का हातात राहिला, माझ्या मते खरं नुकसान इथंच झालं. गौण खनिजाचं काय करायचं ते राज्यांवर सोडलं, महाराष्ट्रात त्यावरही ही वर्गणी घेतात.

पण या निधीतलं काम मंजूर होतं जिल्ह्याच्या ठिकाणी आणि त्रास असतो गावात. क्रशरशेजारच्या ज्वारीवर राखाडी भुकटी बसते, तसला कडबा जनावर तोंडात घेत नाही. वाळू उपसली की काठावरच्या विहिरी खाली जातात, कारण पाणी धरून ठेवणारा थरच टिपरमधून गेलेला असतो. २०२५ मधे माढ्यातल्या कुर्डूच्या मुरमावरून राज्यभर गाजावाजा झाला, पण चर्चा सगळी कारवाईला गेलेल्या पोलीस अधिकाऱ्याशी फोनवर कोण काय बोललं याचीच, गावाच्या हिश्श्याचं कुणी फारसं बोललंच नाही.

आता विषय परत निघालाय तो २५ जुलै २०२४ च्या निकालामुळं. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी ८ विरुद्ध १ असं ठरवलं की रॉयल्टी हा कर नाही, त्यामुळं राज्य खनिजाच्या हक्कावर वेगळा कर लावू शकतं, १९८९ चा उलटा निकाल त्यानं मोडीत निघाला. राज्यानं असा कर लावलाच तर किती ब्रास उचलले, किती भरले आणि गावाला किती आले हे ग्रामसभेत वाचून दाखवायचं कलम त्यातच घालून घ्यायला पाहिजे.