डोकं शांत करायला कड्यावर येताय? आधी एवढं वाचा

लोणावळ्याजवळच्या नागफणी कड्यावर रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरीच्या आधाराने कडा उतरण्यासाठी, नाव नोंदवणाऱ्यांना आम्ही येण्याचं कारण विचारतो. हल्ली बहुतेकांचं उत्तर एकच असतं: "डोकं जरा शांत करायचंय." कुणी हिंजवडीत रात्री उशिरापर्यंत कॉलवर असतं, कुणी डोंबिवलीहून रोज लोकलला लटकतं, कुणाच्या घरी लांबलेलं आजारपण आहे. कड्यावर डोकं शांत होतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. ते कशामुळे होतं, हे माहीत असलं तर दिवसाचा जास्त उपयोग होईल, म्हणून हे पत्रक.

साहेबांचा रागाचा मेल आला काय किंवा कड्याच्या टोकावर उभं राहिलं काय, शरीराची सुरुवात सारखीच असते. ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात. मेलच्या वेळी मात्र शरीरात आलेलं ते बळ खर्चच होत नाही. आपण खुर्चीतच असतो आणि तोवर दुसरा मेल येतो. कड्यावर हातपाय ते बळ वापरतात, भीतीला ठळक सुरुवात असते आणि पाय जमिनीला टेकले की ती संपते. त्यानंतर श्वास आपोआप खोल होतो. शिवाय खाली उतरताना दोरी, पाय आणि पुढची खाच यांपलीकडे कशाकडे लक्ष जाऊच शकत नाही. घोळत राहिलेले विचार तेवढा वेळ बाजूला पडतात.

सगळ्यात अवघड असतं ते पहिलं पाऊल. दृष्टीभय, म्हणजे खालची खोली बघून येणारी भीती, वाटलं की माणूस कातळाला बिलगतो, आणि बिलगला की पाय सटकतात. करायचं असतं नेमकं उलटं: पाय खांद्यांइतके फाकवून तळवे कातळावर सपाट टेकवायचे, गुडघे फार वाकवायचे नाहीत आणि पाठीमागच्या मोकळ्या दरीकडे रेलून वजन हार्नेसवर, म्हणजे कंबर-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांवर, सोडायचं. ब्रेकचा हात, म्हणजे दोरी धरून उतरण्याचा वेग आवरणारा हात, कंबरेपाशी, दोरीवर घट्ट. तो कधीही सुटता कामा नये. मन 'नको' म्हणत असताना तुम्ही स्वतः रेलता, तो निर्णय तुमचा असतो. आमच्या मते दिवसाचं खरं मोल त्या निर्णयात आहे. म्हणून आम्ही कुणालाही ढकलत नाही, मित्रांना "चल रे, घाबरतोस काय" म्हणू देत नाही आणि व्हिडिओसाठी घाई करत नाही. टोकावरून परत फिरलात तरी चालेल. लादलेल्या भीतीने ताण वाढतोच.

भीतीचं मापही लागतं. उत्तेजना बेताची असेल तर काम चांगलं होतं, फार वाढली की बिघडतं, हा मानसशास्त्रातला यर्क्स-डॉडसन नियम 1908 पासूनचा आहे. त्यामुळे आधी लहान कातळावर सराव, मगच मोठा कडा.

तुमचं वजन मुख्य दोरीवर असतं आणि बिलेची, म्हणजे सुरक्षेची, दुसरी दोरी वेगळ्या अँकरला (पक्क्या आधाराला) बांधून प्रशिक्षक सांभाळतो. ही दुसरी दोरी नसेल तिथे, आमच्याकडे असो वा इतर कुठे, उतरू नका. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. अत्तर, डिओ लावून येऊ नका. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, उग्र वासाने माश्या उठतात आणि दोरीवर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. याच कारणाने कड्याजवळ सिगारेट आणि आरडाओरडाही बंद.

आता आमच्या धंद्याला गैरसोयीची, पण सांगायलाच हवी अशी गोष्ट. कड्यावरचा दिवस हा उपचार नव्हे. सोमवारी ऑफिस तेच असतं. थराराची सवय होते, आणि तेवढंच बरं वाटण्यासाठी दर वेळी जास्त उंची, जास्त धोका हवासा वाटू लागला तर थांबा, आमच्याशी बोला. अशा वेळी आम्ही पुढच्या कड्याऐवजी साधा ट्रेक सुचवतो. कित्येक आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर आमच्या आधी डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

रक्तदाब, हृदयविकार, फिट येणं, दमा, पाठीची शस्त्रक्रिया, गरोदरपण, पॅनिकचे झटके यांपैकी काहीही असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. काही बाबतीत आम्ही नकार देऊ आणि पैसे पूर्ण परत करू. दम्याचा पंप बॅगेत न ठेवता खिशात ठेवा. आदल्या रात्री दारू नको, झोप पुरेशी हवी. सकाळी पोहे-उपमा असं हलकं खाऊन या, कुरवंडे गावातून वर चढायचं आहे. केस मोठे असतील तर घट्ट बांधा, ओढणी, सैल कपडे आणि अंगठ्या घरी ठेवा; डिसेंडरमध्ये (दोरी ज्यातून सरकते त्या धातूच्या साधनात) अडकतात. दुपारचं जेवण खाली उतरल्यावर गावात, पिठलं-भाकरी.