वारा सरळ, मग झेंडा वाकडा का?

नारळी पौर्णिमेच्या आसपास मालवणच्या जेटीवर गेलात तर होड्यांवर नवी कोरी निशाणं दिसतील, मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपलेली असते आणि १५ ऑगस्टही जवळपासच, त्यामुळे बऱ्याच ट्रॉलरवर तिरंगापण. मागे एकदा तिथे उभ्या असलेल्या एका तांडेलकाकांना (तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या) उगाच विचारलं, झेंडा फडफडतो कशामुळे हो? माझ्याकडे बघून म्हणाले, "वारो लागता म्हणान, आणि काय!"

बरोबरच, पण अर्धंच. वारा एका दिशेने चाललाय तर कापडाने पण त्याच दिशेला गप ताठ पडून राहावं ना, नागमोडी नाच कशाला? बरेच जण सांगतात की वारा कमीजास्त होतो म्हणून, मीपण कॉलेजपर्यंत हेच धरून चाललो होतो. थोडं वाचलेले सांगतात की काठीमागे भोवरे होतात, ते कापड हलवतात. भोवरे होतात हे खरं, पण काठी नसली आणि वारा एकदम एकसारखा असला तरी झेंडा फडफडतोच.

आता खरी गंमत. समजा ताठ कापडाला मध्येच इवलासा फुगवटा आला. फुगवट्यावरून जाताना हवेला जागा कमी पडते, ती वेग घेते, आणि वेग वाढला की तिथला दाब उतरतो. उलट बाजूला त्याच जागी खळगा असतो, तिथे हवा मंदावते, दाब चढतो. म्हणजे एक बाजू ओढते, दुसरी ढकलते, दोन्ही फुगवट्याच्याच दिशेने! 'निसर्ग' चक्रीवादळात घरांवरचे पत्रे असेच वर ओढले गेले. थोडक्यात, हवेला फुगवटा दिसला की ती तो मिटवत नाही, वाढवते, आणि शिवाय मोकळ्या टोकाकडे वाहूनही नेते.

मग कापड फाटत का नाही? कारण ताण आणि कापडाचा कडकपणा त्याला परत सरळ करायला बघतात. आणि इथे वजन मध्ये येतं. परत येणारं कापड सरळ रेषेवर थांबत नाही, झोपाळ्यासारखं वजनाच्या जोरावर पलीकडे जातं, तिकडे नवा फुगवटा, परत तेच. कापडाला वजनच नसतं तर ते वाऱ्यासोबत गुमान ताठ राहिलं असतं. म्हणून तर पाण्याच्या प्रवाहात साधं कापड सहसा फडफडत नाही, पाण्यापुढे त्याचं वजन काहीच नाही. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाण्यात झेंडा फडफडवला तो धातूच्या पट्ट्या लावून जड केल्यावर. त्याआधी २००० साली तिथेच साबणाच्या वाहत्या पातळ पडद्यात रेशमी धागा सोडून बघितला होता: आखूड धागा ताठ, लांब धागा वळवळणारा, आणि मधल्या एका लांबीला दोन्ही चालतं, ताठ सोडला तर ताठ, धक्का दिला की वळवळ सुरू आणि ती थांबत नाही. (वजनाचं दुसरं कामही आहे, झेंडा खाली ओढायचं. पावसात भिजलेली खादी म्हणून काठीला चिकटून लोंबते. पॉलिस्टर पाणी कमी पितं, ते लवकर उठतं. पॉलिस्टरच्या तिरंग्याला ध्वजसंहितेत परवानगी मिळाली ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने.)

फडफडण्याचा डिझाईनशीही संबंध आहे. फडफडणारा झेंडा तुम्हाला दोन्ही अंगांनी दिसतो. १९३१ च्या झेंड्यावर चरखा होता, एका बाजूने बघितला तर चाक डावीकडे, दुसऱ्या बाजूने उजवीकडे. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत झेंड्याचा ठराव मांडताना नेहरूंनी ही अडचण बोलून दाखवली होती, चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखंच दिसायला हवं. अख्ख्या चरख्यातलं नुसतं चाक ठेवलं, अशोकचक्र आलं. २४ आऱ्यांचं चाक कुठूनही बघा, तेच.

तेवढ्यात व्हॉट्सॲपवर दरवर्षी येणारा मेसेज आठवला, अमक्या देवळाचा झेंडा वाऱ्याच्या उलट फडकतो, सायन्सला उत्तर नाही. श्रद्धा असू दे, पण उलट म्हणजे कुठल्या वाऱ्याच्या? जमिनीवर तुमच्या गालाला लागणाऱ्या की शिखरावरच्या? मोठ्या भिंतीच्या आडोशाला हवा गोल फिरून मागे येते. जेटीवर बर्फाच्या कारखान्यामागे लावलेलं निशाण बघा, समुद्राकडून वारा येत असताना बऱ्याचदा समुद्राकडेच तोंड करून असतं. त्याला कोणी हात जोडत नाही.

काकांनी मग गेल्या वर्षीचं निशाण काढून दाखवलं. काठीकडची शिवण शाबूत, मोकळ्या टोकाची मात्र वीतभर झालर झालेली, कारण फुगवटा पुढे सरकता सरकता वाढतो आणि टोकाला चाबकासारखा झटका देतो. मी म्हटलं, तिरंगा कडेने फाटला तर फडकवायचा नाही हां, नियम आहे. "म्हायत आसा," ते म्हणाले, आणि नव्या तिरंग्याच्या त्याच कडेला दुहेरी टीप घातलेली मला बोटाने दाखवली.