राखणीच्या कुत्र्याला ‘रक्ताची चटक’ लागते का?
मेंढ्यांच्या राखणीच्या तरुण कुत्र्याने कोकराचा पाठलाग केला, कान चावला किंवा लोकर ओढली, की त्याला रक्ताची चटक लागून तो कायमचा बिघडला, असा जुना समज आहे; तो बहुधा चुकीचा ठरतो. मारेम्मा किंवा अनातोलियन अशा राखणीच्या जातीचा कुत्रा वर्षभरात थोराड दिसला, तरी वृत्तीने दीड-दोन वर्षांपर्यंत पोरच असतो आणि खेळगडी नसला की कोकरांशीच दांडगाई करतो, ज्यात एखादे दुबळे कोकरू मरूही शकते. हा खेळ असला तरी त्याची सवय जडते, त्यामुळे दुर्लक्ष परवडत नाही (मारझोड तर त्याहून निरुपयोगी): अशा कुत्र्याला कोकरांपासून हलवून, त्याला ढुशी देऊन हटवणाऱ्या वयस्क मेंढ्यांत, देखरेखीखाली ठेवावे. व्यायलेल्या मेंढीची वार (वीणीनंतर बाहेर पडणारी जार) त्याने खाल्ली, तर ते मात्र शिकारीचे लक्षण मुळीच नव्हे.