लाच, खटला आणि त्यानंतरची मतपेटी

पेरूची राजधानी लिमा. शहराच्या पूर्व भागात, पोलिसांच्या आवारात, बार्बादियो नावाचा एक छोटा तुरुंग आहे. तो मुळात आल्बेर्तो फुजिमोरी या एकाच माजी राष्ट्राध्यक्षासाठी तयार केला होता. पुढे तिथली वस्ती वाढली. २०२३ साली काही महिने तिथे एकाच वेळी तीन माजी राष्ट्राध्यक्ष कैदेत होते: फुजिमोरी, आलेहान्द्रो तोलेदो आणि पेद्रो कास्तियो. आरोप तिघांचे वेगवेगळे. फुजिमोरींवर भ्रष्टाचाराबरोबर हत्याकांडांचाही ठपका, कास्तियोंवर संसद बरखास्त करू पाहिल्याचा, तर तोलेदोंवर निखळ लाचखोरीचा. एप्रिल २०२५ मध्ये ओयांता उमाला हे चौथे माजी राष्ट्राध्यक्ष पंधरा वर्षांची शिक्षा घेऊन तिथेच पोहोचले. गुन्हा, निवडणुकीसाठी घेतलेला बेकायदा पैसा.

न्यायव्यवस्था इतकी कडक म्हटल्यावर राजकारण ताळ्यावर यायला हवं होतं. पण याच पेरूत २०१६ ते २०२२ या काळात सहा जण राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर बसले. राजकीय भ्रष्टाचाराची चर्चा बहुतेक वेळा ‘पकडला का, शिक्षा झाली का’ इथेच संपते. इतिहास चाळला तर परिणामांची गोष्ट तिथून पुढे सुरू झालेली दिसते: लोकांनी मत कुणाला दिलं आणि रिकाम्या झालेल्या जागेवर कोण येऊन बसलं.

सार्वजनिक पदाचा बाजार मांडणं हा गुन्हा आहे, ही समजूत फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये १८३२ पर्यंत ओल्ड सॅरम नावाची एक ओसाड टेकडी संसदेत दोन खासदार पाठवत होती. तिथे कुणी राहत नव्हतं, पण जमिनीला मालक होता आणि खासदारही त्याचेच असत. १८३२ च्या सुधारणा कायद्यानं ही सोय बंद झाली, तरी मतदारांना पैसे आणि दारू वाटणं सुरूच राहिलं. गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं आणि उमेदवाराच्या खर्चावर खरीखुरी मर्यादा १८८३ मध्ये. एवढ्या एका सुधारणेला पन्नास वर्षं लागली, आणि तीही साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्थानिक पुढारी विल्यम ट्वीड आणि त्याची टॅमनी हॉल ही राजकीय संघटना शहराची तिजोरी उपसत होती. तिथल्या न्यायालयाच्या इमारतीच्या बिलांमध्ये एका प्लास्टरवाल्या कंत्राटदाराच्या नावावर दोन दिवसांच्या कामाचे १ लाख ३३ हजार डॉलर दाखवलेले होते. १८७१ मध्ये वर्तमानपत्रांनी हे आकडेच छापले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्वीड राज्याच्या सिनेटवर पुन्हा निवडून आला. त्याच्या वस्तीतल्या गरीब स्थलांतरितांना थंडीत कोळसा आणि अडीअडचणीला नोकरी तोच मिळवून देत होता, सरकार नव्हे. तो तुरुंगात मेला, १८७८ मध्ये. संघटना मात्र पुढची कित्येक दशकं टिकली.

जपानच्या काकुएई तानाकांची गोष्ट याच वळणाची, फक्त पैसा समुद्रापलीकडून आलेला. १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीपुढे लॉकहीड या विमान कंपनीच्या अधिकाऱ्यांनी कबूल केलं, की विमानं विकण्यासाठी आपण अनेक देशांत पैसे वाटले. जपानमधल्या व्यवहाराच्या पावत्या समितीच्या हाती लागल्या होत्या आणि त्यांत रकमेऐवजी ‘शंभर शेंगदाणे मिळाले’ अशी पोच होती. एक शेंगदाणा म्हणजे दहा लाख येन. माजी पंतप्रधान तानाकांना जुलै १९७६ मध्ये अटक झाली. पन्नास कोटी येनची लाच घेतल्याबद्दल ऑक्टोबर १९८३ मध्ये न्यायालयानं चार वर्षांची शिक्षा आणि लाचेइतकाच दंड सुनावला. दोनच महिन्यांनी निवडणूक झाली. नीगाता मतदारसंघातून तानाका दोन लाखांहून अधिक मतं घेऊन निवडून आले, त्यांच्या आधीच्या कुठल्याही निवडणुकीपेक्षा जास्त.

नीगाता हा हिवाळ्यात बर्फाखाली गाडला जाणारा प्रदेश. तिथे रस्ते, बोगदे आणि थेट टोकियोपर्यंत बुलेट ट्रेन तानाकांनी आणली. न्यायालयाच्या लेखी ते लाचखोर होते, मतदाराच्या लेखी आपलं काम करणारा माणूस. ही दोन्ही मतं एकाच वेळी खरी असू शकतात, हे भ्रष्टाचारविरोधी भाषणांत कधी येत नाही. अपील प्रलंबित असतानाच १९९३ मध्ये तानाका वारले. ती शिक्षा त्यांनी एक दिवसही भोगली नाही.

लॉकहीडच्या पैशाचे धागे नेदरलँड्सच्या राणीचे पती राजपुत्र बर्नहार्ड यांच्यापर्यंत पोहोचले आणि १९७६ मध्ये त्यांना आपली सार्वजनिक पदं सोडावी लागली. अमेरिकेत मात्र या प्रकरणातून एक नवी गोष्ट निघाली. परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं हा आपल्याच देशात गुन्हा ठरवणारा कायदा तिथे १९७७ मध्ये झाला. जगात असा हा पहिलाच. बाकीचे श्रीमंत देश पुढची वीस वर्षं हातावर हात ठेवून बसले. जर्मनीत तर परदेशात दिलेली लाच १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता येत असे. गरीब देशांच्या भ्रष्टाचारावर परिषदा भरवणाऱ्या राजधान्यांमध्ये लाचेवर करसवलत चालू होती! १९९७ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या सदस्यांनी परदेशी लाचखोरीविरुद्ध करारावर सह्या केल्या आणि तो १९९९ मध्ये अमलात आला.

भारतात या साखळीतलं सर्वांत परिचित नाव बोफोर्सचं. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनं तोफांच्या व्यवहारातल्या दलालीची बातमी दिली, १९८९ मध्ये काँग्रेसनं सत्ता गमावली, आणि २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिवंगत राजीव गांधींवरचे लाचखोरीचे आरोप रद्द केले. मतपेटीचा निकाल दोन वर्षांत लागला, न्यायालयाचा सतरा वर्षांनी, आणि दोन्ही निकाल जुळले नाहीत.

इटलीत मात्र न्यायालयं धावली. तिथला प्रकार सगळ्यात बारकाईनं पाहण्यासारखा आहे, कारण ‘सगळ्या भ्रष्टांना एकदाचे आत टाका’ ही लोकांची इच्छा तिथे जवळपास पूर्ण झाली होती. १७ फेब्रुवारी १९९२ ला मिलानमधल्या एका सरकारी वृद्धाश्रमाचा प्रमुख मारियो किएझा लाच घेताना पकडला गेला. रक्कम सत्तर लाख लिरा, म्हणजे तिथल्या हिशेबानं किरकोळ. साफसफाईचा ठेका १४ कोटींचा, त्यावर ठरलेला दहा टक्के वाटा १ कोटी ४० लाखांचा. ठेकेदार अर्धाच हप्ता घेऊन आला होता, खुणा केलेल्या नोटांमध्ये आणि पोलिसांना सांगून. समाजवादी पक्षाचे नेते, माजी पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी ‘हा एक भुरटा चोर’ म्हणून हात झटकले. पक्षानं वाऱ्यावर सोडल्याचं कळताच किएझा बोलू लागला. मग त्यानं नावं घेतलेले बोलू लागले, आणि चौकशी एकेका पक्षाच्या खजिनदारापर्यंत चढत गेली.

त्या जुलैत क्राक्सी संसदेत उभे राहिले. पक्षांचा बराचसा पैसा बेकायदा मार्गानंच येतो हे इथे सर्वांना ठाऊक आहे, असं सांगून त्यांनी आव्हान दिलं, की हे खोटं आहे अशी शपथ घेणाऱ्यानं उभं राहावं. कुणीही उठलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये संसदेनं त्यांच्यावरच्या प्रमुख आरोपांच्या चौकशीला परवानगी नाकारली. दुसऱ्या दिवशी रोममधल्या त्यांच्या हॉटेलाबाहेर जमलेल्या गर्दीनं त्यांच्यावर नाण्यांचा वर्षाव केला. क्राक्सी ट्युनिशियाला पळाले आणि २००० मध्ये तिथेच वारले. महायुद्धानंतरच्या जवळपास प्रत्येक सरकारचा कणा असलेला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष १९९४ च्या सुरुवातीला विसर्जित झाला, समाजवादी पक्षही त्याच वर्षी.

मार्च १९९४ मध्ये निवडणूक जिंकली सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी. पक्ष काही महिन्यांपूर्वी स्थापन केलेला, हाती देशातल्या मोठ्या खासगी टीव्ही वाहिन्या, आणि क्राक्सींशी जुनी दोस्ती. चौकशी करणाऱ्या वकिलांना यासाठी दोष देणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. चोर पकडणं त्यांचं काम होतं, पक्ष उभे करणं नव्हे. पण जुने पक्ष कोसळल्यावर तयार पैसा आणि तयार प्रसारमाध्यम असलेला माणूस सर्वांत आधी उभा राहणार, हे उघड होतं.

हे माध्यमांचं मोल पेरूत शब्दशः मोजलं गेलं होतं. फुजिमोरींचा गुप्तहेर प्रमुख व्लादिमिरो माँतेसिनोस लाच देताना स्वतःच चित्रण करून ठेवत असे, घेणारा पुढे उलटू नये म्हणून. सप्टेंबर २००० मध्ये त्यातली एक चित्रफीत टीव्हीवर झळकली: विरोधी खासदार, समोर नोटांची थप्पी, पंधरा हजार डॉलर. दोन महिन्यांत फुजिमोरींनी जपानमधून फॅक्सनं राजीनामा धाडला. माँतेसिनोसच्या हिशेबांवरून पुढे जे कळलं ते जास्त उद्बोधक आहे. खासदार आणि न्यायाधीश स्वस्तात मिळत होते. सर्वांत महाग होते टीव्ही वाहिन्यांचे मालक.

फुजिमोरी गेल्यावर स्वच्छतेचा झेंडा घेऊन सत्तेवर आले तेच तोलेदो. महामार्गाच्या कंत्राटासाठी ओदेब्रेश्त या ब्राझिलियन बांधकाम कंपनीकडून कोट्यवधी डॉलर घेतल्याबद्दल ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना वीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. या कंपनीनं लाचेसाठी चक्क स्वतंत्र विभाग काढला होता आणि त्याला ‘स्ट्रक्चर्ड ऑपरेशन्स’ असं सभ्य नाव दिलं होतं. बारा देशांत मिळून सुमारे ७८ कोटी ८० लाख डॉलर वाटल्याची कबुली कंपनीनं डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयात दिली. हे बाहेर आलं ते ब्राझीलमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या ‘लावा जातो’ या तपासातून. त्याचं टोक ब्राझिलियातल्या एका पेट्रोल पंपावरच्या हवाला व्यवहारात होतं आणि मूळ पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीत.

ब्राझीलनं इटलीचाच कित्ता गिरवला. माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांना दोषी ठरवणारे न्यायाधीश सर्जिओ मोरो हे, लुला निवडणुकीबाहेर राहिल्यानं वाट मोकळी झालेल्या राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोंच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री झाले. पुढे फुटलेल्या संदेशांतून ते सरकारी वकिलांना खटला कसा चालवावा हे सुचवत होते, असं दिसलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोरोंना पक्षपाती ठरवलं आणि लुलांविरुद्धचे निकाल रद्द झाले. २०२२ मध्ये लुला पुन्हा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. पेट्रोब्रासमधली लूट खरीच होती. पण न्यायाधीशच एका बाजूला झुकला, आणि त्यामुळे खऱ्या गुन्हेगारांनाही सुटायला वाट मिळाली.

नेत्यांच्या या चढउतारात सामान्य माणसाचं काय झालं हे पाहायला मोझांबिककडे वळावं लागतं. २०१३-१४ मध्ये तिथल्या तीन सरकारी कंपन्यांनी परदेशी बँकांकडून सुमारे दोन अब्ज डॉलरचं कर्ज उचललं. एक कंपनी ट्यूना मासेमारीची. अर्थमंत्री मानुएल चांग यांनी संसदेला न विचारता सरकारची हमी दिली. बोटी बहुतेक काळ बंदरातच उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये दडवलेलं कर्ज उघड होताच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि देणगीदार देशांनी मदत थांबवली, चलन गडगडलं आणि महागाई भडकली. चांग न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरले ऑगस्ट २०२४ मध्ये. तोवर आठ वर्षं त्या कर्जाचा भार, त्याबद्दल कधी ऐकलंही नव्हतं अशा लोकांनी उचलला होता.

रुमानियात तर थेट जीवच गेले. ३० ऑक्टोबर २०१५ च्या रात्री बुखारेस्टमधल्या कोलेक्टिव्ह क्लबात आग लागली. भिंतींवरच्या स्वस्त फोमनं पेट घेतला आणि अग्निशमन दलाच्या परवानगीचा पत्ता नव्हता. एकूण ६४ जण गेले, त्यांतले बरेच रुग्णालयांत. ‘भ्रष्टाचार जीव घेतो’ अशा घोषणा देत लोक रस्त्यावर उतरले आणि पाच दिवसांत पंतप्रधान व्हिक्टर पोंता यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी पत्रकारांनी शोधून काढलं की रुग्णालयांना पुरवलं जाणारं जंतुनाशक पाणी घालून पातळ केलेलं होतं. आणि डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत पोंतांचाच पक्ष सुमारे ४५ टक्के मतांनी परतला! पेन्शन आणि पगारवाढीचं आश्वासन होतं, आणि तरुण मतदार घरीच बसले. जानेवारीच्या अखेरीस नव्या सरकारनं रात्रीतून वटहुकूम काढला: दोन लाख लेईपेक्षा कमी नुकसान करणारा पदाचा गैरवापर यापुढे गुन्हा नाही. लाखो माणसं कडाक्याच्या थंडीत चौकांत उभी राहिली, तेव्हा कुठे तो मागे घेतला गेला.

चोरलेला पैसा परत आणण्याबद्दल थोडक्यात. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष, पुढे हुकूमशहा झालेले फर्डिनांड मार्कोस आणि त्यांच्या पत्नी इमेल्डा यांनी १९६८ मध्ये झुरिकच्या बँकेत विल्यम साँडर्स आणि जेन रायन या खोट्या नावांनी खाती उघडली. मार्कोस पळाल्यावर मार्च १९८६ मध्ये स्वित्झर्लंडनं ती गोठवली. पैसा मनिलाला प्रत्यक्ष मिळायला २००४ उजाडलं. २०२२ मध्ये त्यांचा मुलगा तीन कोटींहून अधिक मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाला. त्या मतदारांपैकी अनेकांना हुकूमशाही आठवायचं कारणच नव्हतं, ते तेव्हा जन्मलेच नव्हते.

ज्यांनी काही प्रमाणात चित्र बदललं त्यांत हाँगकाँगचं नाव घेतात. १९७३ मध्ये चौकशी सुरू असलेला पीटर गॉडबर हा बडा पोलीस अधिकारी विमानतळाच्या पासवर निसटला. संतापातून १९७४ मध्ये पोलिसांपासून स्वतंत्र, थेट गव्हर्नरला उत्तरदायी असा आयोग स्थापन झाला. त्याच्या यशाची वर्णनं खूप होतात, पण ऑक्टोबर १९७७ चा प्रसंग गाळला जातो. पोलिसांनी त्या आयोगाच्याच कार्यालयात घुसून अधिकाऱ्यांना मारहाण केली. गव्हर्नरनं मग १९७७ पूर्वीच्या बहुतेक गुन्ह्यांना माफी जाहीर केली. जुनं खातं बंद करून पुढचं कडक ठेवायचं, असा तो सौदा होता. न्यायाच्या दृष्टीनं लाजिरवाणा, पण आयोग त्यामुळेच वाचला.

परदेशी लाचखोरीविरुद्धचा १९७७ चा अमेरिकी कायदा सध्या वेगळ्याच वळणावर आहे. १० फेब्रुवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याची अंमलबजावणी १८० दिवस थांबवण्याचा आदेश काढला. या कायद्यामुळे अमेरिकी कंपन्या स्पर्धेत मागे पडतात, हे कारण दिलं. जूनमध्ये न्याय खात्यानं नवे निकष आणले आणि खटले पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली. कुठलं प्रकरण हाती घ्यायचं हे ठरवताना परदेशी कंपनीच्या लाचेमुळे अमेरिकी कंपनीचा धंदा बुडाला का, हेही आता पाहिलं जातं.