नखुरडे (लहान मुलांचे)

नखाच्या कडेची किंवा बुडाची कातडी जिवाणूंच्या संसर्गाने सुजून लाल होते, ठसठसते आणि पुढे तिथे पू धरतो. या दुखण्याला नखुरडे म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत ते पॅरोनिकिया. बोट एवढेसे, पण रात्रभर घर जागे ठेवते.

नखाशेजारचे सालटे ओढणे, नखे कुरतडणे, अंगठा चोखणे ही नेहमीची कारणे. मराठवाड्यात त्यांत रानातल्या एकाची भर पडते. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की आईमागे गेलेली पोरेही बोंडांना हात घालतात. उकललेल्या बोंडाची वाळलेली टोके सुईसारखी असतात आणि ती नखाच्या कडेलाच टोचतात. जिवाणू बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, कधी स्ट्रेप्टोकॉकस; अंगठा चोखणाऱ्या मुलांत तोंडातले जिवाणूही असतात.

उपचार ठरतो तो पू धरला आहे की नाही यावर. नुसती लाली आणि सूज असेल तर कोमट पाण्यात बोट दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा बुडवून ठेवायचे. पुष्कळदा तेवढ्यावरच भागते. नखाच्या कडेला पिवळट फुगवटा दिसू लागला की मात्र पू बाहेर काढणे हाच खरा उपचार, कारण साचलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. डॉक्टर नखाची कड अलगद उचलून त्याला वाट करून देतात आणि मूल बरेचदा त्याच रात्री झोपते. त्यानंतर अँटिबायोटिक लागतेच असे नाही. लाली बोटावर पसरत असेल, ताप असेल किंवा मुलाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर ते द्यावे लागते. घरी सुईने फोडणे वाईटच.

बोट लिंबात खुपसून ठेवण्याचा उपाय गावोगाव चालतो. फाटलेल्या कातडीला लिंबाचा रस झोंबतो आणि पू होता तिथेच राहतो. कणीक-हळदीच्या पोटिसात कामाचे काही असेल तर ती ऊब, आणि ती कोमट पाण्यातही मिळते.

अँटिबायोटिकमध्ये साधारणतः सेफालेक्सिन देतात. बोट तोंडात घालणाऱ्या मुलाला अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे मिश्रण. मात्रा वजनावर ठरते. सेफालेक्सिनची नेहमीची मात्रा दर किलोला दिवसाकाठी 25 ते 50 मिलिग्रॅम, विभागून. म्हणून थोरल्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला देणे चुकीचे. मिश्रणाची पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत कालवली की बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि सात दिवसांनी फेकून द्यावी लागते. ज्या घरात फ्रिज नाही, किंवा दिवसदिवस लाइट नसते, तिथे हे कसे जमायचे? डॉक्टरांना तसे आधीच सांगितले तर पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळू शकतात. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्याच्या वाटेला लागतात, तेव्हा पिशवीतून नेण्याजोग्या याच गोळ्या. दोन दिवसांत उतार पडला नाही तर तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्रात बोट दाखवावे.

दिसायला सारखे, पण वेगळेच दुखणे एक आहे. बोटावर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका आणि मुलाचे तोंडही आलेले, असे असेल तर तो हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा संसर्ग असू शकतो. तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही आणि फोड कापायचेही नसतात.

सूज नखाची कड सोडून बोटाच्या गादीत उतरली आणि ती टणक होऊन ठणकू लागली, तर संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. अख्खे बोट सुजून वाकलेले राहिले आणि कोणी ते जरा सरळ करू पाहताच मूल किंचाळले, तर स्नायूच्या दोरीच्या म्यानात पू झाल्याची शंका घ्यावी. अशा मुलाला त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात, छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, न्यावे लागते.