घरगुती मलचाचणी

मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाची चाहूल लक्षणे दिसण्याआधीच लागावी, म्हणून घरी स्वतः घेतलेल्या शौचाच्या नमुन्याची प्रयोगशाळेत होणारी तपासणी. शोधायचे असते ते रक्त. पण डोळ्यांना दिसणारे नव्हे, तर शौचात मिसळून गेलेले, रंगावरून अजिबात न कळणारे गुप्त रक्त. आज सर्वाधिक प्रचलित असलेली चाचणी ‘फिट’ (फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट) या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते.

हा कर्करोग सावकाश वाढतो. आतड्याच्या अस्तरावर आधी पॉलिप, म्हणजे छोटा मांसल कोंब येतो. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काही मात्र वाढत जातात आणि साधारण दहा वर्षांच्या काळात कर्करोगाचे रूप घेतात. मोठ्या पॉलिपवरून किंवा कोवळ्या गाठीवरून शौच पुढे सरकताना तिथे खरचटते आणि थोडे रक्त झिरपते. पोट दुखत नाही, भूक मरत नाही, माणूस ठणठणीत असतो. चाचणीचा खरा उपयोग याच मुक्या काळात आहे. जगभरात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे दगावली.

जुनी पद्धत ग्वायाकम झाडाच्या राळेवर आधारलेली होती. राळ मुरवलेल्या कागदावर शौचाचा पातळ थर लावून वर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले, की रक्तातील हीम या लोहयुक्त घटकामुळे निळा रंग उमटे. पण खाल्लेल्या मांसातही हीम असते, आणि क जीवनसत्त्व जास्त पोटात गेले तर रक्त असूनही रंग उमटत नाही. म्हणून आधी काही दिवस पथ्य पाळावे लागे. एवढ्या ओबडधोबड चाचणीनेही जीव वाचले. अमेरिकेतील मिनेसोटामधील ४६,५५१ जणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. दरवर्षी चाचणी होणाऱ्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ वर्षांत ३३ टक्क्यांनी कमी झाले होते. ‘फिट’मध्ये मानवी हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन या प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात, त्यामुळे पथ्याची गरज उरली नाही. जठरातून वाहिलेल्या रक्तातील ग्लोबिन वाटेतच पचते, म्हणून सापडलेले रक्त बहुधा मोठ्या आतड्यातलेच असते.

नमुना घेणे हे दोन मिनिटांचे काम. शौच पाण्यात पडण्याआधी कागदावर किंवा कोरड्या भांड्यात झेलायचे. चाचणीसाठी मिळालेल्या कुपीच्या झाकणालाच एक बारीक काडी असते, तिच्या टोकाला खाचा असतात. ती शौचात तीन-चार वेगवेगळ्या जागी टोचायची, कारण रक्त सगळीकडे सारखे पसरलेले नसते. खाचा भरल्या की पुरे. काडी आत घालताना कुपीचे अरुंद तोंड जास्तीचे शौच निपटून काढते आणि द्रवात नेमके तेवढेच उतरते. झाकण घट्ट बसवून तारीख लिहायची व कुपी लवकर पोहोचवायची. उष्णतेने हिमोग्लोबिन विघटित होते आणि असलेले रक्तही सापडत नाही. मासिक पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त जात असताना नमुना घेऊ नये. अनेक जण केवळ किळस आणि संकोच यांपायी कुपी तशीच ठेवून देतात, ही फार वाईट गोष्ट आहे.

निकाल दर ग्रॅम शौचामागे किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन, असा मोजतात. निकाल होकारार्थी मानण्याची सीमारेषा देशागणिक वेगळी: नेदरलँड्समध्ये ४७, स्कॉटलंडमध्ये ८०, तर इंग्लंडने २०१९ मध्ये ही चाचणी सुरू केली तेव्हा १२०. रेषा खाली आणली की जास्त रोगी सापडतात, पण पुढच्या कोलोनोस्कोपीची, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या आतड्याच्या तपासणीची, रांगही वाढते. वयाचेही तसेच: जपानमध्ये चाळिशीपासून दरवर्षी दोन दिवसांचे नमुने घेतात, तर अमेरिकेत २०२१ पासून तपासणी ४५ व्या वर्षी सुरू करण्याची शिफारस आहे.

एका खेपेत ‘फिट’ला दहापैकी जवळपास आठ कर्करोग सापडतात, पॉलिप त्याहून बरेच कमी, कारण ते रोज रक्त सोडतातच असे नाही. म्हणून ती दर वर्षी किंवा दोन वर्षांनी पुन्हा करायची असते. निकाल होकारार्थी आला तरी बहुतेकांना कर्करोग नसतो, पण ते कोलोनोस्कोपी केल्यावरच ठरते. पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढताही येतो. इथे लोक दोन चुका करतात. एक, ‘पुन्हा एकदा करून बघू’ म्हणून चाचणीच परत करतात. दुसरा निकाल नकारार्थी आला तरी पहिला खोटा ठरत नाही. दुसरी, सगळा दोष मूळव्याधीवर ढकलून मोकळे होतात. मूळव्याध आणि गाठ एकाच माणसात असू शकतात.

ही चाचणी धडधाकट माणसांसाठी आहे. डोळ्यांना रक्त दिसत असेल, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल झाला असेल किंवा कारणाशिवाय वजन उतरत असेल, तर कुपीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर बहुधा थेट कोलोनोस्कोपीच सुचवली जाते, तीही कमी वयात.