युद्धकालीन ब्लॅकआउट

शत्रूच्या बॉम्बफेकी विमानांना रात्री शहर सापडू नये म्हणून घरे, दुकाने, रस्ते आणि वाहने यांचे दिवे मालवण्याची किंवा झाकण्याची सक्ती म्हणजे ब्लॅकआउट. ठाण्यात रोजच्या बोलण्यात 'लाइट जातात'. ब्लॅकआउटमध्ये ते आपण घालवायचे असतात. १९७१ पाहिलेल्या पिढीला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

दिवसा आलेली बॉम्बर विमाने लढाऊ विमानांच्या तावडीत सापडत, म्हणून दुसऱ्या महायुद्धात मोठे हल्ले रात्रीवर गेले. पण जो अंधार विमानाला लपवतो तोच खालचे शहरही लपवतो. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. १४ नोव्हेंबरला कॉव्हेंट्री जळाले, तेव्हा जर्मनांनी मुद्दाम चांदण्याची रात्र निवडली होती. आपल्याकडे ती त्रिपुरी पौर्णिमा होती.

ब्रिटिश वैमानिकांची अडचण त्याहून बिकट होती. १९४१ च्या एका सरकारी पाहणीत विमानांनी काढलेले फोटो तपासले गेले. लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एकतृतीयांश लक्ष्याच्या पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या आत पोहोचली होती. इथल्या भाषेत सांगायचे तर नेम तलावपाळीवर धरला आणि बॉम्ब रबाळ्यात पडला, तरी तो जमेच्या बाजूला! कारखाना टिपता येत नाही, मग अख्खे शहरच लक्ष्य धरायचे, असे धोरण फेब्रुवारी १९४२ मध्ये ठरले. ३० मेच्या रात्री कोलोनवर हजाराहून अधिक विमाने गेली. ही अचूकतेच्या अभावातून निघालेली पळवाट होती आणि तिची किंमत वस्त्यांनी मोजली. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गला आगीचे वादळ उठले. त्या हल्ल्यांत सुमारे ४०,००० माणसे गेली. मार्च १९४५ मध्ये टोकियोत एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसे मेली.

दिवे मालवता येतात, पाणी मालवता येत नाही. चांदण्यात नदी, तळे, किनारा वरून चकाकतात. हॅम्बुर्गने यावर अजब उपाय केला: शहराच्या मधोमध असलेल्या आल्स्टर तलावावर लाकडी सांगाडे टाकून खोटी घरे-रस्ते उभारले आणि जवळच एक खोटा पूलही बांधला. मासुंदा तलाव असा झाकल्याची कल्पना करून पाहावी! डोळ्यांना हे फसवू शकले असते. पण १९४३ पर्यंत विमानांत रडार आले होते. त्याच्या पडद्यावर पाणी काळे आणि जमीन उजळ दिसे, त्यामुळे एल्बे नदीच्या काठचे हॅम्बुर्ग सहज ओळखू येई.

ठाण्याच्या पूर्वेला खाडी, उत्तरेला उल्हास नदी आणि मध्ये तळीच तळी. खाडीपलीकडची नवी मुंबई तर काठाकाठानेच वाढली. डिसेंबर १९७१ मध्ये मात्र ती बरीचशी कागदावर होती: सिडकोची स्थापना मार्च १९७० ची, आणि त्या काठावर गावे, भातशेती, मिठागरे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले. मुंबई-ठाण्यात काचांवर काळे-तपकिरी कागद चिकटले, गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवला गेला. चढउताराचा भोंगा म्हणजे धोका, एकसुरी भोंगा म्हणजे धोका टळला.

ब्लॅकआउटला स्वतःचेही बळी असतात. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनवर बॉम्बहल्ले सुरूही झाले नव्हते. तरी अंधारामुळे रस्त्यांवरचे मृत्यू आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट झाले.

आज उपग्रहाच्या मदतीने जाणाऱ्या क्षेपणास्त्राला खिडकीतला दिवा लागत नाही, त्यामुळे या उपायाचा जुना उपयोग बराच ओसरला आहे. तरी ७ मे २०२५ च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावाच्या यादीत उरण पहिल्या आणि ठाणे दुसऱ्या वर्गात होते. १९७१ च्या मानाने एक अडचण नवी आहे. उपकेंद्रातून वीज तोडली तरी शहर काळोखे होत नाही. घरोघरचे इन्व्हर्टर आणि सोसायट्यांचे जनरेटर आपोआप सुरू होतात. म्हणून बटण शेवटी ज्याचे त्यालाच बंद करावे लागते, आणि जिन्यातल्या दिव्याचे बटण कोणाचे, हे बहुतेक सोसायट्यांत ठरलेले नसते.